दूतहत्या आणि संशयाची भाषा

पुण्यात एरंडवण्याच्या बाजूने मुठा नदी ओलांडणाऱ्या एका पुलास म्हात्रे पूल म्हणतात. वृत्तभाषेच्या अभ्यासाच्या निमित्ताने पदव्युत्तर वर्गात हे म्हात्रे कोण, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाने एकदा विचारला. कोणी ते जुने नगरसेवक असावेत असे म्हटले, कोणी अभियंता असावेत असा तर्क केला. वर्गातील निम्मे विद्यार्थी त्या पुलावरून रोज ये-जा करणारे होते. विशेषनाम हे व्यक्तीकडे निर्देश करते, तिचे वर्णन करीत नाही, हा तर्कशास्त्रातील जुना सिद्धान्त शिकविण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळाले नसते. परंतु ज्या गृहस्थांचे नाव त्या पुलास दिले आहे त्यांच्या मृत्यूची हकीकत सांगू लागल्यावर निराळीच अडचण उभी राहिली. घडलेली गोष्ट जितकी निश्चित, तितके तिच्या कर्त्याविषयीचे विधान अनिश्चित, आणि ही अनिश्चितता वाक्यात नेमकी कोठे ठेवावी याविषयी आपली मराठी वृत्तभाषा फारशी दक्ष नाही, असे ध्यानात आले. त्या अडचणीचा थोडा विस्ताराने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटना पाहू. रवींद्र म्हात्रे हे भारताच्या परराष्ट्र सेवेतील अधिकारी १९८४ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील भारतीय कार्यालयात सहायक आयुक्त होते. त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी, शुक्रवारी सायंकाळी, काम आटोपून ते बसने घरी निघाले. मुलीच्या वाढदिवसासाठी घेतलेला केक त्यांच्याजवळ होता. बार्टली ग्रीन या उपनगरात ते बसमधून उतरले आणि तेथून त्यांना पळवून नेण्यात आले. 'काश्मीर लिबरेशन आर्मी' असे नाव धारण करणाऱ्या गटाने लंडनमधील वृत्तसंस्थेकडे पत्र पोचविले. दिल्लीच्या तिहार तुरुंगात फाशीच्या शिक्षेखाली असलेला मकबूल भट व अन्य काही कैदी यांची मुक्तता, आणि दहा लाख पौंडांची खंडणी, या त्यातील मागण्या होत्या. मुदत अगदी अल्प होती. अपहरणास तीन दिवस पुरे होण्यापूर्वीच लेस्टरशायर परगण्यातील एका आडरस्त्यावर म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. ११ फेब्रुवारी रोजी तिहारमध्ये मकबूल भट यास फाशी देण्यात आली व तेथेच त्याचे दफन झाले.

वरील परिच्छेद लिहिताना प्रस्तुत लेखकाने 'पळवून नेण्यात आले', 'गोळ्या घालण्यात आल्या' आणि 'फाशी देण्यात आली' अशी तीन कर्मणी क्रियापदे योजिली आहेत. तिन्हींत कर्ता नाही. पहिल्या दोहोंत तो नाही, कारण ३ ते ५ फेब्रुवारी या काळापुरते बोलताना तो ठाऊक नव्हता. तिसऱ्यात तो नाही, कारण शासनाचा कर्ता सांगण्याची आपणास गरज भासत नाही. व्याकरणदृष्ट्या रचना एकच, परंतु एकीत कर्त्याचे अज्ञान दडले आहे आणि दुसरीत कर्त्याची सर्वमान्यता. वाचकास हा भेद वाक्यातून कळत नाही, प्रसंगावरून कळतो. हे येथेच नोंदवून ठेवणे बरे, कारण पुढे याची गरज पडेल.

आता मारला गेलेला मनुष्य कोणत्या शब्दाने ओळखावा, हा प्रश्न. मराठीत यासाठी शब्दांचा तुटवडा नाही, उलट सुकाळच आहे. 'दूत' हा संस्कृत परंपरेतला. शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत 'हेजीब' आणि 'वकील' भेटतात, आणि 'एलची' हाही. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे हे न्यायालयातले वकील नव्हते, हे आज इतिहासाच्या विद्यार्थ्यासही एकदा सांगावे लागते. इंग्रजी अमदानीत कोर्टकचेऱ्या आल्या, 'वकील' कोर्टात गेला आणि परराज्यात जाणाऱ्या माणसाची जागा रिकामी झाली. ती भरण्यास 'मुत्सद्दी' हा शब्द पुढे केला गेला. पण मूळचा हा दप्तरातला कारभारी, मराठीत त्यास धूर्तपणाची छटा चिकटली. त्यामुळे 'मुत्सद्द्याचा खून' असे लिहिले की वाचकाच्या मनात नाना फडणविसाच्या जातीचा कोणी डावपेची पुरुष उभा राहतो. वाढदिवसाचा केक घेऊन बसमधून उतरणारा कचेरीतला अधिकारी उभा राहत नाही. अलीकडचा 'राजनैतिक अधिकारी' हा शब्द हिंदीच्या वाटेने आला. तो निरुपद्रवी आहे, पण त्यात 'नैतिक' दिसते आणि विद्यार्थी हटकून विचारतात की हा नीतीचा अधिकारी की राजनीतीचा. 'राजदूत' म्हणावे तर म्हात्रे राजदूत नव्हते. राष्ट्रकुलातील देश परस्परांच्या राजधानीत राजदूत न पाठविता उच्चायुक्त पाठवितात, आणि राजधानीबाहेरच्या शहरातील कार्यालयाचा दर्जा आणखी निराळा असतो.

हा शब्दांचा कीस वाटेल, परंतु यामागे कायद्याचा खरा भेद आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारातील २९ वे कलम दूतावासातील प्रतिनिधीची व्यक्ती अनुल्लंघनीय ठरविते. त्यास कोणत्याही प्रकारे अटक करता येत नाही, आणि त्याच्या शरीरावर, स्वातंत्र्यावर वा प्रतिष्ठेवर होणारा हल्ला टाळण्यासाठी यजमान राष्ट्राने सर्व योग्य उपाय योजले पाहिजेत. राजधानीबाहेरील वाणिज्यदूतांसाठी १९६३ चा वेगळा करार आहे. तेथे अटकेपासूनचे संरक्षण मर्यादित आहे आणि गंभीर गुन्ह्यात ते लागू पडत नाही. मात्र हल्ल्यापासून रक्षण करण्याचे यजमानाचे कर्तव्य ४० व्या कलमात जवळजवळ त्याच शब्दांत येते. म्हणजे स्वतःच्या वर्तनासाठी मिळणारी सूट दर्जानुसार कमीजास्त होते, परंतु दुसऱ्याच्या हिंसेपासून मिळणारे अभय कमी होत नाही. साठोत्तर काळात दूतांची अपहरणे वाढली तेव्हा १९७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आणखी एक करार संमत केला. त्यात अशा सर्व व्यक्तींना 'आंतरराष्ट्रीय संरक्षण असलेल्या व्यक्ती' असे एकच नाव मिळाले, आणि त्यांच्यावर हल्ला करणारा ज्या राष्ट्राच्या हाती सापडेल त्याने एक तर त्यास मागणाऱ्या राष्ट्राच्या स्वाधीन करावे, नाहीतर स्वतः त्याच्यावर खटला भरावा, असे बंधन आले. हा करार १९७७ मध्ये अंमलात आला. १९७८ साली ब्रिटनने त्यासाठी कायदा केला, आणि त्याच वर्षी भारतही करारात सामील झाला.

यातील मूळ कल्पना आपणास नवी नाही. कौटिल्याने दूतप्रणिधीच्या प्रकरणात दूत हा राजाचे मुख असल्याने अंत्यज असला तरी अवध्य मानला आहे. सुंदरकांडात हनुमंताचा वध करू नये म्हणून बिभीषण रावणाची समजूत घालतो ती याच आधारावर. मात्र बिभीषण तेथेच दूतास देण्याजोग्या अन्य शिक्षाही सांगतो, आणि मग शेपटीचा प्रसंग घडतो. व्हिएन्ना करार 'प्रतिष्ठा' हा शब्द घालून ती पळवाट बुजवितो, असे गमतीने म्हणता येईल. पण एक अंतर महत्त्वाचे आहे. कौटिल्याच्या डोळ्यांपुढे असलेला संभाव्य मारेकरी हा यजमान राजाच आहे. संदेश अप्रिय वाटून राजाने दूतास मारू नये, हा त्या नियमाचा आशय. बर्मिंगहॅममध्ये यजमान राष्ट्राने काही केले नव्हते. मारणारे तिसरेच होते, आणि त्यांचा राग यजमानावरही नव्हता, दूताच्या स्वामीवर होता. येथे मारेकरी उघड उभा नसतो, तो शोधावा लागतो. म्हणूनच आधुनिक दूतहत्येत 'कोणी' या प्रश्नास जे वजन येते ते प्राचीन ग्रंथांत नाही.

कृत्याला कोणते नाव द्यावे हाही प्रश्न आहेच, पण तो तुलनेने सोपा. 'खून' हा फौजदारी शब्द आहे, त्यात मारणाराचा अपराध गृहीत असतो. 'हत्या' या शब्दात मारला जाणाऱ्याची थोरवी वा अवध्यता सूचित होते. ब्रह्महत्या, गोहत्या, स्त्रीहत्या या समासांनी तो शब्द घडविला आहे. 'वध' म्हटले की मारणाराचा अधिकार मान्य झाला. कंसाचा वध होतो, अफझलखानाचा वध होतो, आणि तेथे 'खून' म्हणणारा वक्ता कोणत्या बाजूचा हे श्रोत्यास तत्काळ कळते. दूताच्या बाबतीत मराठी वृत्तपत्रांनी 'हत्या' रूढ केला तो योग्यच झाला, कारण दूत हा परंपरेने अवध्यांच्या मालिकेत बसतो. फाशीच्या संदर्भातही असाच पक्षभेद क्रियापदात शिरतो. चापेकर बंधू 'फाशी गेले' असे आपण म्हणतो. जाणे हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व ठरते. भट यास 'फाशी देण्यात आली'. काश्मिरातील त्याच्या अनुयायांच्या भाषेत मात्र तो 'शहीद' आहे आणि ११ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन.

आता मुख्य विषयाकडे येऊ. परदेशात दूत मारला जातो, मारेकरी सापडलेले नसतात, आणि एखाद्या आत्यंतिक मताच्या गटावर संशय असतो. ही बातमी मराठीत कशी लिहिली जाते? नमुन्यादाखल रचलेली दोन वाक्ये घेऊ.

पहिले: 'संशयित अतिरेक्यांनी भारतीय अधिकाऱ्याची हत्या केली.'

दुसरे: 'भारतीय अधिकाऱ्याची हत्या अतिरेक्यांनी केली असावी असा संशय आहे.'

वरवर पाहता दोहोंत संशय आहे. परंतु पहिल्या वाक्यात तो विशेषणाच्या जागी आहे, आणि विशेषणाचा अंमल त्याच्या विशेष्यापुरताच चालतो. 'संशयित' हे 'अतिरेकी' याला लागले आहे. त्यामुळे फार तर असे निघते की हे लोक अतिरेकी आहेत की नाहीत याबद्दल शंका आहे. त्यांनी हत्या केली याबद्दल वाक्यात शंका उरतच नाही. तृतीयेचा कर्ता आणि भूतकाळी सकर्मक क्रियापद हा मराठीतील प्रयोग कृत्य कर्त्याच्या पदरात पक्के बांधतो. 'रामाने रावण मारिला' यात जितका निश्चय, तितकाच येथे. वास्तविक वार्ताहराचे ज्ञान याच्या उलट असते. पत्रात सही करणारे आत्यंतिक मताचे आहेत हे त्यास ठाऊक असते. त्यांनीच मारले का, हे ठाऊक नसते. म्हणजे जेथे निश्चय आहे तेथे वाक्याने शंका ठेवली आणि जेथे शंका आहे तेथे निश्चय ठेवला. दुसऱ्या वाक्यात 'असावी' हे रूप आणि 'असा संशय' हे प्रधान वाक्य सबंध विधानाला कवेत घेतात. ते तीन शब्दांनी लांब आहे, आणि मथळ्याच्या एका स्तंभात बसत नाही. पहिल्याच्या लोकप्रियतेचे कारण बहुधा एवढेच असावे.

मराठीत संशय आणि ऐकीवपणा सांगण्याची साधने मुळात समृद्ध आहेत. 'म्हणे' हे एक अव्यय घ्या. 'तो काल आला म्हणे' या वाक्यात वक्ता स्वतः साक्षी नाही, हे एका शब्दात येते. बखरकारांस आणि कीर्तनकारांस ते वर्ज्य नव्हते. वृत्तपत्रांनी मात्र ते टाकले, कारण त्यात अविश्वासाची, थोड्या उपहासाचीही, छटा येते. त्याऐवजी 'असे समजते', 'असे सांगण्यात येते', 'असे कळते' हे प्रयोग आले. ते गंभीर आहेत, पण येथेही सांगणारा कोण हे गाळलेले असते. पोलीस सांगतात, की परराष्ट्र खाते, की पळवून नेणारे स्वतःच? बर्मिंगहॅमच्या प्रकरणात पहिली बातमी खुद्द अपहरणकर्त्यांच्या पत्रानेच दिली होती, हे येथे आठवावे.

याहून फसवा प्रयोग म्हणजे 'जबाबदारी स्वीकारली'. इंग्रजीत या जागी जे क्रियापद वापरतात त्याचा अर्थ दावा करणे, म्हणजे खरे-खोटे सिद्ध न करता एखादी गोष्ट आपली म्हणणे. मराठीत आपण 'स्वीकारणे' घातले. स्वीकारण्यासाठी वस्तू अगोदरच आपली असावी लागते, किंवा निदान कोणी ती पुढे केलेली असावी लागते. त्यामुळे 'अमुक गटाने हत्येची जबाबदारी स्वीकारली' हे वाक्य दाव्याचे राहत नाही, कबुलीचे होते. तपास लागण्यापूर्वीच आरोपीचा जबाब नोंदविला गेल्यासारखे वाटते. 'हत्या आपण केल्याचा दावा अमुक नावाच्या गटाने केला' असे लिहिण्यात मराठीस काहीही अडचण नाही.

आणि मग 'हात असणे'. एखाद्या कृत्यात कोणाचा 'हात असल्याचा संशय' ही शब्दयोजना इतकी रुळली आहे की तिचे रूपकत्व कोणास जाणवत नाही. फौजदारी कायदा कट करणारा, चिथावणी देणारा, मदत करणारा, आणि प्रत्यक्ष गोळी झाडणारा असे भेद काटेकोरपणे करतो. 'हात' या शब्दात हे सारे एकत्र होतात. राष्ट्राचा हात, संघटनेचा हात, व्यक्तीचा हात. हाताला माप नाही. शिवाय हा हात नेहमी लपलेला असतो, त्यामुळे तो न दिसणे हाही त्याच्या असण्याचा पुरावा ठरू शकतो.

हे दोष आजचे नाहीत. महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध दूतहत्या याच भाषेत आपल्यापर्यंत आली आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे पेशव्यांशी असलेल्या हिशेबाच्या वादासाठी १८१४ साली पुण्यास आले. त्यांच्या सुरक्षिततेस इंग्रजांची हमी होती. जुलै १८१५ मध्ये आषाढीच्या यात्रेसाठी पेशव्यांबरोबर ते पंढरपुरास गेले आणि विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना त्यांची हत्या झाली. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याचा त्यात हात असल्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टनने धरले. त्याच वर्षी त्रिंबकजीस इंग्रजांच्या हवाली करणे बाजीरावास भाग पडले. त्यास ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले, तेथून तो १८१६ मध्ये निसटला, आणि १८१७ च्या पुण्याच्या तहात त्रिंबकजीचा अपराध बाजीरावाकडून मान्य करून घेण्यात आला. येथे थांबून पाहण्यासारखे आहे. त्रिंबकजीचा दोष कोणत्या न्यायाधीशाने ठरविला? तो तहाच्या कलमाने ठरला. एल्फिन्स्टनचा संशय कदाचित बरोबरही असेल. मराठी इतिहासकारांत त्याविषयी एकमत नाही. पण 'त्रिंबकजीने शास्त्र्यांचा खून करविला' हे वाक्य पाठ्यपुस्तकात आले ते पुराव्याच्या बळावर आले की युद्धातील जयाच्या, हे सांगणे कठीण आहे. 'करविला' हे प्रयोजक रूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. मारेकरी अज्ञात राहिले तरी करविता निश्चित होतो, ही सोय मराठीच्या धातुरूपातच आहे.

म्हात्रे यांच्या प्रकरणात, सुदैवाने म्हणावे लागेल, न्यायालय होते. ब्रिटिश पोलिसांनी तपास केला आणि १८१५ साली जे झाले नाही ते येथे झाले. खटला चालून १९८५ मध्ये दोन तरुणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांच्यापुरता 'संशयित' हा शब्द संपला. परंतु सर्वांपुरता नाही. 'काश्मीर लिबरेशन आर्मी' हे नाव त्यापूर्वी जगास जवळजवळ अपरिचित होते. १९७७ साली बर्मिंगहॅममध्येच स्थापन झालेल्या 'जम्मू काश्मीर लिबरेशन फ्रंट' या संघटनेचेच ते दुसरे नाव असावे, हा संशय तेव्हापासून आजवर व्यक्त होत आला आहे. फ्रंटचे संस्थापक अमानुल्ला खान यांना १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये निराळ्या आरोपावरून अटक झाली, त्यातून न्यायालयाने त्यांना मुक्त केले, आणि १९८६ मध्ये त्यांना देशाबाहेर पाठविण्यात आले. २००४ साली, म्हणजे घटनेस वीस वर्षे झाल्यावर, याच प्रकरणात अमेरिकेत एका इसमास अटक झाली तेव्हाही बातमीत शब्द होता तो 'संशयित' हाच. गोळी कोणी झाडली याचे उत्तर न्यायालय देऊ शकते. नावामागे कोण, या प्रश्नाची भाषा बहुधा 'असावा', 'मानले जाते' येथेच थांबते.

त्याच वर्षी मुंबईने या प्रकरणाची उलटी बाजू पाहिली. २७ नोव्हेंबर १९८४ रोजी ब्रिटनचे मुंबईतील उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांना त्यांच्या मोटारीत गोळ्या घालण्यात आल्या. येथे यजमान भारत होता आणि दूत ब्रिटनचा. 'रेव्होल्यूशनरी ऑर्गनायझेशन ऑफ सोशलिस्ट मुस्लिम्स' अशा लांबलचक नावाने हत्येचा दावा करण्यात आला. अथेन्समध्ये मार्च १९८४ मध्ये झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हत्येचा दावाही याच नावाने झाला होता. हे नाव अबू निदालच्या पॅलेस्टिनी गटाचे आवरण होते, असे मानले जाते. अशा नावांचा एक विशेष आहे. सामान्यतः नाव हे ओळखण्यासाठी असते. येथे ते ओळख पटू नये आणि तरीही कृत्य कोणाच्या तरी नावे जमा व्हावे, यासाठी असते. ज्याला ओळखायचे त्याने ओळखावे, आणि ज्याने सिद्ध करायचे त्याला सिद्ध करता येऊ नये. अशा नावाचे मराठीत भाषांतर करून 'काश्मीर मुक्ती सेना' असे छापले की मात्र ती खरोखरच शिस्तबद्ध, पलटणी असलेली सेना वाटू लागते. मूळ नाव देवनागरीत तसेच ठेवणे अधिक प्रामाणिक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या गटांसाठी जो सामान्य शब्द वापरतात त्याचाही इतिहास बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काँग्रेसमध्ये जे दोन पक्ष पडले त्यांतील एकास इंग्रजी पत्रे जो शब्द लावीत त्याचे मराठी 'जहाल' असे झाले. लोकमान्य टिळक जहाल होते, आणि त्या शब्दात महाराष्ट्रास कधी दूषण वाटले नाही. तोच इंग्रजी शब्द सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी पंजाब आणि काश्मीरच्या बातम्यांतून पुन्हा आला, तेव्हा मराठीने त्याचे 'अतिरेकी' असे केले. एकाच इंग्रजी शब्दाची दोन मराठी रूपे, आणि दोहोंच्या मध्ये सारा नैतिक निर्णय. यात मराठीने चूक केली असे नाही. मत जहाल असणे आणि बसमधून उतरणाऱ्या माणसास पळवून मारणे यांत भेद आहेच, आणि तो शब्दाने दाखविला हे बरेच झाले. पण 'अतिरेकी' हा शब्द हिंसा सिद्ध झाल्यावरच शोभतो. संशयाच्या अवस्थेत तो वापरला की त्यापुढे 'संशयित' लावणे भाग पडते आणि मग वर सांगितलेला घोटाळा होतो.

हा व्याकरणाचा खल पंडिती वाटण्याचा संभव आहे. तसे नसल्याचे १९८४ च्या फेब्रुवारीतील तारखाच सांगतात. मकबूल भट यास झालेली फाशीची शिक्षा म्हात्रे यांच्या हत्येबद्दल नव्हती. १९६६ साली एका पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला, त्याबद्दल १९६८ मध्ये श्रीनगरचे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांनी ती दिली होती. भट त्याच वर्षी तुरुंगातून पळाला, १९७६ मध्ये पुन्हा पकडला गेला, आणि शिक्षा अनेक वर्षे अंमलाविना राहिली. म्हात्रे यांचे अपहरण झाले त्यानंतर आठव्या दिवशी ती अंमलात आली. म्हात्रे यांचे मारेकरी ठरविणारा निकाल मात्र त्यानंतरच्या वर्षीचा आहे. या आठ दिवसांबद्दल लिहिताना बहुतेक लेखक 'हत्येनंतर भटला फाशी देण्यात आली' असे लिहितात, आणि 'नंतर' हा कालवाचक शब्द वाचकाच्या मनात निमूटपणे 'म्हणून' होतो. शासनाच्या बाजूने हे कायद्याचे पूर्वीच ठरलेले पाऊल होते. भटच्या अनुयायांच्या दृष्टीने तो सूड होता. 'नंतर' दोघांनाही पुरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते शिक्षा कायदेशीर होती आणि तिची वेळ राजकीय होती, आणि या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगता येतात. फक्त त्यासाठी दोन क्रियापदे खर्चावी लागतात. न्यायाधीश गंजू यांची ४ नोव्हेंबर १९८९ रोजी श्रीनगरमध्ये गोळ्या घालून हत्या झाली.

वर्गात हे सारे सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांना म्हात्रे पुलावर लावण्याजोगी तीन ओळींची माहिती लिहिण्यास सांगितले. बहुतेकांनी 'अतिरेक्यांनी हत्या केली' असे लिहिले. एकीने 'काश्मीर लिबरेशन आर्मी हे नाव घेणाऱ्या गटाने अपहरण केले. हत्येबद्दल १९८५ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली' असे लिहिले, आणि फलकावर एवढे मावणार नाही म्हणून खाली क्षमा मागितली. तिच्या मजकुरात केक घेऊन बसमधून उतरल्याचा उल्लेख नव्हता. तो घालावा की नाही यावर मग तास संपेपर्यंत वाद झाला.